रुमालाखालचा सर्व्हर

"झाका! झाका त्याला! आरं कुणीतरी झाका आधी!"

शेठ इतक्या जोरानं ओरडले की कृष्णेच्या घाटावर धुणं बडवणाऱ्या बायांचे हात वरच्या वर थांबले, आणि पेठेतल्या पोत्यांवर झोपलेली कुत्री, आपला काही गुन्हा नसताना, पळत सुटली. हे मी वाढवून सांगत नाही. फार तर कुत्र्यांचा आकडा थोडा कमी करते.

झाकायचा होता कॉम्प्युटरचा पडदा. सांगलीच्या हळद पेठेत शेठचं अडतीचं दुकान होतं. शेतकऱ्यानं माल आणायचा, शेठनं तो व्यापाऱ्यांना विकून द्यायचा. त्या दिवशी हंगामातला मुहूर्ताचा सौदा होता आणि दुकान माणसांनी ठेचून भरलेलं. टेबलावर हार घातलेला कॉम्प्युटर. त्याच्या पडद्यावर दिसायला हवी होती मी बनवलेली वेबसाईट. दिसत होतं तिचं पोट, आतड्यांसकट. मी लिहिलेला प्रोग्राम, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, उघडानागडा.

शेठनं खांद्यावरचा पांढरा रुमाल ओढला. आमच्याकडं रुमाल म्हणजे नाक पुसायचं चिटोरं नव्हे, त्यात तान्हं मूल झोपवता येतं. पळत्या कोंबडीवर डालगं टाकावं तसा त्यांनी तो मॉनिटरवर टाकला. पण तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त सुभेदारांनी, फौजेत हुकूम वाचायची सवय असल्यामुळं, एक ओळ खणखणीत आवाजात वाचून टाकली होती.

ती ओळ काय होती ते सांगते. पण आधी रुमालाचं सांगायला हवं, नाहीतर ओळीची गंमत कळणार नाही.

त्या काळी हळदीच्या पेठेत भाव तोंडानं बोलत नसत. दोन माणसं समोरासमोर उभी राहणार, हातांवर रुमाल टाकणार आणि आत एकमेकांची बोटं दाबणार. अमकं बोट धरलं की एवढा भाव, मूठ आवळली की तेवढा, तळहाताला खाजवलं की "चेष्टा करताय व्हय?" बाहेरच्यांना दिसायचे फक्त दोन चेहरे, आणि ते असे, की एकाच्या घरी मयत झालीय आणि दुसरा भेटायला आलाय. सौदा ठरला की रुमाल उडायचा आणि निकाल जाहीर व्हायचा. आतलं आत राहायचं.

मी वडूजची. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं. आता माळावर थोडी ज्वारीही करायचं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तीनशे मेंढरं चेहऱ्यावरून ओळखू यायची. मी मात्र त्यांच्या पाच मुलींपैकी एक असल्यानं माझं नाव त्यांना चौथ्या हाकेला सापडायचं. बीएस्सी झाल्यावर मी सांगलीला आले, एका क्लासात कॉम्प्युटर शिकले आणि तिथंच शिकवायला लागले. आबांच्या मनात होतं साताऱ्याचं डी.एड. मास्तरीण झाली की मुलगी मार्गी लागली.

"एक वरीस," ते म्हणाले होते. "वरसात त्या डबड्यानं चार माणसांत काय करून दाखवलं तर ऱ्हा सांगलीत. न्हाईतर साताऱ्याला."

आबा एकदा बोलले की शब्द मागं घ्यायचे नाहीत. वर्ष संपत होतं, आणि चार माणसांत डबड्यानं आतापर्यंत फक्त मासे दाखवले होते.

ते मासे शेठचे. समोरच्या दुकानदारानं कॉम्प्युटर घेतला म्हणून शेठनंही घेतला होता. दोन वर्षं तो प्लॅस्टिकच्या झाकणाखाली होता. लक्ष्मीपूजनाला झाकण निघायचं, हळदकुंकू वाहिलं जायचं आणि पडद्यावर रंगीत मासे पोहायचे. लांबलांबचे शेतकरी ते बघायला येत. शेवटी शेठ वैतागून आमच्या क्लासात आले.

"बाई, त्याला काय तर कामाला लावा. माणसं मासं बघत्यात, चा पित्यात आन माल दुसऱ्याच्या दुकानात घालत्यात."

मी तिथल्या तिथं, श्वास न घेता, सगळं सांगून टाकलं. एक वेबसाईट करायची. शेतकऱ्यानं तिच्यात आपलं गाव टाकायचं, माल हळकुंड आहे की गड्डा ते टाकायचं, रंग आणि ओल टाकायची आणि बटण दाबायचं. भाव काय मिळेल ते पान त्याला सांगणार. आज तुमच्या दुकानातल्या एका यंत्रावर, उद्या इंटरनेट आलं की पार इस्लामपुरात बसून! माझ्या हातवाऱ्यांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या सांडला.

शेठचे डोळे पेटले आणि लगेच विझले.

"म्हंजे माझं डोस्क्यातलं गणित त्या पेटीत घालायचं?"

"हो."

"आन ते कुणाला दिसायचं न्हाई?"

इथं गाडी अडली. तोवर मला जी जावास्क्रिप्ट येत होती ती ब्राउझरात चालणारी. पान उघडणाऱ्याच्या यंत्रात सगळा प्रोग्राम जसाच्या तसा जातो आणि तिथं चालतो. कुणीही उंदराचं, म्हणजे माऊसचं, उजवं बटण दाबावं आणि पानाची कुंडली वाचावी. शेठच्या तीन पिढ्यांचं गुपित म्हणजे चव्हाट्यावरचं वाण होणार.

"दिसेल," मी म्हणाले. खोटं बोलायला मला आवडतं, पण धंद्यात नाही.

शेठ उठून गेले. मी पंधरा दिवस अन्न सोडलं. म्हणजे जेवणाचं. वडापाव चालू होता.

आणि मग ते पुस्तक सापडलं. क्लासातल्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली ते दोन वर्षं उभं होतं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली चाळीस पानं गेलेली. एकेचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की हीच जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही चालवता येते. मी खुर्चीखालून पुस्तक काढलं तेव्हा खुर्चीत आमचे सर बसलेले होते हे मला नंतर, ते पडल्यावर, कळलं.

सर्व्हर म्हणजे काही राजवाड्याएवढं यंत्र लागत नाही. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत एक छोटा सर्व्हर फुकट होता. तो त्याच कॉम्प्युटरवर गपचूप बसतो आणि कुणी पान मागायची वाट बघतो. मागणारा ब्राउझरही त्याच यंत्रात. देणारा आणि घेणारा एकाच पोत्यावर बसलेले. पानात मधेमधे विशिष्ट खुणा करायच्या. त्या खुणांच्या आतला मजकूर सर्व्हर स्वतः वाचतो, हिशेब करतो, तो गिळून टाकतो आणि ब्राउझरकडं फक्त उत्तर पाठवतो.

रविवारी दुपारी क्लास बंद असताना मी पहिलं पान केलं. एक चौकोन, त्यात गाव टाकायचं. एक बटण. मी इंग्रजी अक्षरांत वडूज टाकलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: राम राम, वडूजकर.

मी उजवं बटण दाबून पानाची कुंडली उघडली. आत फक्त "राम राम, वडूजकर." गाव कुठून आलं, राम राम कुणी जोडला, काही नाही! खूण नाही, माग नाही! मी अशी किंचाळले की खालच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं पट्टा तुटला समजून गिरणी बंद केली. मी जिना उतरून, गिरणीवाल्याला राम राम घालून, तशीच अनवाणी शेठच्या दुकानापर्यंत पळाले. मधली गर्दी दुभंगली असं मी म्हणणार नाही, पण दोन रिक्षा थांबल्या.

"शेठ! रुमाल!"

"काय सांडलं?"

"सांडलं नाही. सर्व्हर म्हणजे रुमालाखालचा हात! ब्राउझर म्हणजे बाहेर उभं राहून तोंड बघणारा. त्याला निकाल कळतो, बोटं दिसत नाहीत!"

आमच्या क्लासात शिकलेल्या पोरांना जे समजवायला मला तीन तास लागत, ते शेठना तीन सेकंदांत समजलं. त्यांनी गल्ल्यावरची उदबत्ती उचलली आणि पुन्हा लावली.

"मग घाला आत."

आता नवा पेच. शेठनं उभ्या आयुष्यात भाव तोंडानं उच्चारला नव्हता. त्यांची जीभ त्या कामाला वळतच नव्हती. बोटांनी सांगायचं तर मी बाईमाणूस, माझा हात रुमालाखाली धरायचा कसा? त्याच आठवड्यात आबा मला भेटायला, खरं म्हणजे माझं डबडं कुठवर आलंय ते तपासायला, वडूजहून आले. मेंढरांच्या बाजारात हीच बोटांची भाषा चालते. आबा त्या भाषेतले एम.ए., त्यांनी मलाही तिची बाराखडी शिकवलेली.

मग अशी मांडणी झाली. शेठ रुमालाखाली आबांची बोटं दाबणार. आबा दुसऱ्या हातानं, आपल्या घोंगडीखाली, माझी बोटं दाबणार. मी उरलेल्या हातानं वहीत लिहिणार. मोठमोठ्या शहरांतले कॉम्प्युटरवाले पुढं तीन टप्प्यांची रचना म्हणून फुशारक्या मारायला लागले. आम्ही ती रुमालात आणि घोंगडीत आधीच करून बसलो होतो.

दोन दिवस बोटं दाबणं चाललं. कुठल्या रंगाला किती, ओलीला किती, कुठल्या गावच्या मालाला किती. एका गावाशी आल्यावर मात्र आबांचं बोट माझ्या बोटावर थबकलं. दोन बोटं कमी.

"का?" मी विचारलं. "त्यांचा माल वाईट आहे?"

शेठना राहवलं नाही, ते तोंडानं बोलले. "माल सोन्यावाणी हाय. पर माणसं लय भांडखोर. लिवा, तसंच लिवा."

मी तसंच लिहिलं. प्रोग्रामात आपल्या आठवणीसाठी टीप लिहायची सोय असते, सर्व्हर ती वाचत नाही. तिच्यात मी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप टाकली: दोन बोटं कमी, माल चांगला, माणसं भांडखोर. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. पुढं तिथंच माझी सोयरीक झाली.

जाताना आबा म्हणाले, "म्हूर्ताच्या सौद्याला येतो. चाललं तर ऱ्हा. न्हाई चाललं तर दोरी आणतो, वळकटी बांधू आन सांजच्या गाडीनं जाऊ. साताऱ्याचं बघू."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले विचारू नका. पान कधी उत्तर द्यायचं, कधी गप्प. दोन दिवस एकाच गावाचा भाव येईना. शेवटी सापडलं की जावास्क्रिप्टला मोठ्या अक्षरातलं गाव वेगळं आणि लहान अक्षरातलं वेगळं. मी कपाळावर हात मारला. आमच्या खटाव तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द बघत वाढलेल्या मुलीला हे आधी कळायला नको?

मुहूर्ताच्या सकाळी सगळं तयार होतं. पडद्याच्या मधोमध पिवळंधमक चित्र. त्यावर दोनदा टकटक केलं की सर्व्हरकडून पान यायचं. डावीकडं, उभ्या रांगेत, बाकी सामान, आणि त्यात माझी मूळ फाईल. ती तिथं ठेवायला नको होती हे मला आज कळतं. तेव्हा मी शेवटची दुरुस्ती करून ती तशीच सोडली होती. फाईल सर्व्हरमार्फत मागवली तर नुसतं उत्तर येतं. थेट उघडली तर रुमालच नाही, सगळी बोटं उघडी.

आबा मागच्या पोत्यावर बसले होते. मांडीवर सुंभाच्या दोरीचं वेटोळं.

आमच्या पेठेत नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. तागडी असो, ट्रक असो. शेठनं कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला आणि मग, अतिशय भक्तिभावानं, उंदरावर हळदकुंकू वाहिलं. चिमूटभर नव्हे. हळदीच्या पेठेतला मालक हळद वाहताना हात आखडता घेईल का? उंदीर दिसेनासा झाला. त्या वेळच्या उंदराच्या पोटात एक गोळी असायची. ती फिरली की पडद्यावरचा बाण फिरायचा. गोळीला सांगलीची पहिल्या प्रतीची हळद लागली. बाण वर जाईना असं नाही. वर जाई, खाली येई. आडवा काही केल्या हलेना! मधलं पिवळं चित्र वीतभर लांब, आणि बाण डाव्या रांगेत खांबावरच्या मुंगळ्यासारखा वरखाली.

"शेठ, थांबा, मी पुसते..."

"म्हूर्त टळतोय!" म्हणत शेठनं जे बाणाखाली आलं त्यावर टकटक केलं.

आली फाईल. सगळी. आणि सुभेदारांनी वाचलं, "दोन बोटं कमी! माल चांगला! माणसं भांडखोर!"

ते त्याच गावचे होते. त्यांच्यामागं त्याच गावची अकरा माणसं होती.

"कौन भांडखोर?" सुभेदार म्हणाले. "कुनी लिवलं? सामने या!"

आणि आपण भांडखोर नाही हे पटवून द्यायला अकराच्या अकरा जण बाह्या सारत उठले.

रुमाल तेव्हा पडला, पण दोन बोटं कमी हे सगळ्यांच्या कानात गेलं होतं. बाकीचेही उठले. "आमच्या गावाचं काय लिवलंय?" "आवं शेठ, आमची किती बोटं?" कुणी पोती उचलायला लागलं. समोरचा दुकानदार दारात येऊन हसू दाबत होता. शेठ मॉनिटरला मिठी मारून उभे. मी पोत्याकडं बघितलं. आबा दोरी सोडवत होते.

आबा उठले. दोरी खांद्यावर टाकून, माणसांतून वाट काढत, मेंढरांतून चालावं तसे पुढं आले.

"शेठ," ते म्हणाले, "हात आणा."

मॉनिटरवरून लोंबणाऱ्या रुमालाखाली त्यांनी शेठचा हात धरला. दुकान गप झालं. रुमालाखाली हात गेला की पेठेत कुणी बोलत नाही, भांडणसुद्धा थांबतं. दोघांचे चेहरे मयतीचे. एकदा शेठच्या मिशा हलल्या. मग आबांनी दुसरा हात घोंगडीखालून माझ्याकडं केला. मी धरला. दोन बोटं, वरच्या बाजूला, म्हणजे कापलेली परत. मग पूर्ण मूठ. सौदा पक्का.

उंदीर मेला होता, पण कीबोर्ड जिवंत होता. मी कीबोर्ड घेऊन, जुन्या फोटोवाल्यासारखी, डोक्यासकट रुमालाखाली शिरले. आत हळदकुंकवाचा वास, तोंडावर पडद्याचा उजेड आणि बाहेर अकरा माणसांचे श्वास. ती एक ओळ खोडली. टीपही खोडली. फाईल जपून ठेवली, बंद केली, ब्राउझर उघडला आणि सर्व्हरचा पत्ता एकेक अक्षर टाकला. पत्ता तिसऱ्यांदा जमला.

पान आलं. पिवळं, हसरं, चार चौकोनांचं. मी रुमाल उडवला, गळ्यात टाकला आणि पिसाट ओरडले, "सुभेदार! या! तुमचं गाव टाका!"

सुभेदारांनी एका बोटानं गाव टाकलं, माल टाकला, रंग टाकला, ओल टाकली आणि बंदुकीचा घोडा ओढावा तसं बटण दाबलं. उत्तर आलं. दोन बोटं भरून आली होती. आकडा मी आजही सांगणार नाही, मी पेठेचं मीठ खाल्लंय. पण सुभेदारांनी तो तीनदा वाचला, आणि त्यांच्या गावची अकरा माणसं अशी ओरडली की भांडखोर हा शब्द मला तरी पटला.

"आता आत काय लिवलंय ते बी दिखाव," सुभेदार म्हणाले.

मी पानाची कुंडली उघडून दाखवली. आत फक्त उत्तर.

"बस? मग आमी भरवसा कशावर ठिवायचा?"

उत्तर शेठनं दिलं, घाम पुसत. "रुमालावर इतकी वर्सं ठिवलाय, तेवढाच ठिवा."

आधी सुभेदार हसले. मग दुकान हसलं. पोती पुन्हा खाली आली. मग तासभर माणसं रांग लावून आपापलं गाव टाकत होती. एकानं माशांची चौकशी केली, त्याला सगळ्यांनी गप्प केलं. बाकीच्या गावांच्या ओळी रुमालाखाली जशा होत्या तशा राहिल्या. पुन्हा कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. शेठनं मला उद्यापासून रोज सकाळी यायला सांगितलं.

संध्याकाळी आबांना एस.टी. स्टँडवर सोडायला निघाले, की त्यांच्याबरोबर जायला निघाले, हे मला माहीत नव्हतं. माझं तोंड मात्र सुरूच. पान कसं आलं, सुभेदारांचा चेहरा कसा झाला, आता दुसरं पान गुळाचं करीन, मग बेदाण्याचं, मग अख्ख्या महाराष्ट्राचं! वडूजची गाडी लागली तरी मी थांबले नाही. आबा खिडकीशी बसले. दोरी त्यांच्या मांडीवर होती, पुन्हा वेटोळं केलेली.

"आबा," मी खिडकीला लोंबकळत ओरडले, "शेठना कसं वळवलंत रुमालाखाली? आणि माझं काय? वळकटी बांधू का? साताऱ्याचं काय?"

आबांनी माझ्या गळ्याकडं बघितलं. तिथं शेठचा रुमाल अजून तसाच होता, हळदीनं माखलेला.

"त्यांचा रुमाल हाय त्यो," ते म्हणाले. "धुऊन उद्या दिऊन ये."